मुक्कामाची गाडी

"काका, आधी सगळं ऐकून घ्या, मग किल्ली देते," शिर्के मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली चक्क स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

कोल्हापुरात त्यांच्या बंगल्याच्या अंगणात ती गाडी उभी होती. पांढरी, लांबुडकी, चाकांवर बांधलेलं घरच. आत पलंग, गॅसचा ओटा, बेसिन, एवढासा फ्रिज आणि ड्रायव्हरच्या सीटमागं फुलाफुलांचा पडदा. आमच्या लेकीनं, उज्ज्वलानं, पुण्यात बसून परस्पर चार दिवसांसाठी भाड्यानं ठरवून टाकली होती. मी रिटायर झालो म्हणून भेट. चौतीस वर्षं एसटी हाकलेल्या माणसाला भेट काय, तर आणखी एक गाडी!

"उंची साडेनऊ फूट आहे, फांद्यांवर लक्ष ठेवा," मॅडम बोटांवर मोजत सांगत होत्या. "गाडी कायम सपाटीला लावा. सांडपाण्याची टाकी रोज रिकामी करा. कपाटांच्या कड्या टक् आवाज येईपर्यंत दाबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निघताना गाडीभोवती एक फेरी, आत एक फेरी, मगच किल्ली फिरवायची. नवीन माणसं नेमकं हेच विसरतात."

"मॅडम, पन्नास-पन्नास माणसं घेऊन घाट चढलोय मी."

"माणसं होती काका. कपाटं नव्हती."

माझी बायको सिंधू ओट्यापाशी उभी राहून एकेक कडी दाबून बघत होती. तिनं सगळं ऐकलं. मी काहीच ऐकलं नाही. ड्रायव्हरला गाडी शिकवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली, पण त्या दोन दिवसांतलं ऊन कसं पडलं होतं तेसुद्धा मला आठवतं. कारण मी निघालो होतो तेच धास्ती घेऊन. आठवडाभर आधी विट्याच्या घरी सिंधू तांदूळ निवडत बसली होती आणि मान वर न करता म्हणाली होती, "फिरायला येते मी. पर वेंगुर्ल्याला पोचलो की दादाकडं उतरणार. परत येईन का न्हाई, ते आत्ता सांगत न्हाई."

तिचा थोरला भाऊ शिक्षक म्हणून वेंगुर्ल्याकडं गेला आणि तिथलाच झाला. त्याचं घर मोठं, मन त्याहून मोठं. ती तिथं सुखात राहिली असती, यात मला शंका नव्हती.

"पण झालं काय?" मी विचारलं.

"काई झालं न्हाई. तेच तर झालंय."

रिटायर होऊन मला आठ महिने झाले होते. दिवसभर मी घरात असायचो आणि "पाणी आलं का", "जेवायला वाढ" यापलीकडं बोलायचो नाही. खरं तर बोलायचं एक होतं. ते मी पंचवीस-तीस वर्षं मनात ठेवलं होतं. आता ती जाणार म्हटल्यावर ते सांगून टाकावं, असं रोज सकाळी वाटायचं आणि चहा पिऊन झाला की वाटेनासं व्हायचं.

पहिल्या दिवशी मी नवशिक्यांच्या सगळ्या चुका मन लावून केल्या. गारगोटीच्या अलीकडं एका वडाच्या पारंब्यांनी टपावरचा एसीचा डबा खरवडला. संध्याकाळी एका तळ्याकाठी गाडी लावली ती उतारावर. "जरा कलती वाटतीय," सिंधू म्हणाली. "गाडीच्या बाबतीत मला शिकवू नकोस," मी म्हणालो. मग रात्रभर ती घरंगळत माझ्या अंगावर यायची, परत वर सरकायची, परत यायची. पहाटे पहाटे दमली आणि सरकायची थांबली. कित्येक वर्षांत आम्ही इतके जवळ झोपलो नव्हतो. तिचा श्वास माझ्या खांद्यावर लागत होता आणि मी हलत नव्हतो. तळ्यावर धुकं होतं, कुठंतरी टिटवी ओरडत होती. आत्ता सांगावं, असं वाटलं. मग उजाडलं.

सकाळी दूध पातेल्याच्या एकाच अंगानं उतू गेलं. सिंधूनं ते पुसलं, मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजरा मागं टाकून आंबोलीच्या दहा-बारा किलोमीटर अलीकडं आम्ही थांबलो. रस्त्याला लागून जुनी दगडी विहीर होती, वर जांभळाचं मोठं झाड. आम्ही भाकरी-पिठलं खाल्लं. घरदार, वस्ती काही दिसत नव्हतं. वारा पडला होता आणि उन्हाचे कवडसे गाडीच्या काचेवर जागच्या जागी हलत होते.

"मी पडते घटकाभर," सिंधू म्हणाली आणि तिनं पडदा ओढून घेतला.

मी सीटवर बसूनच स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एसटीत अशी झोप घ्यायची सवय होती. डुलकी लागली आणि मी थेट जुन्या गाडीत जाऊन बसलो. लाल गाडी, बोनेटची ऊब, मागं बाजाराच्या पाट्या घेतलेल्या बाया. कुणीतरी चढतंय, कुणी उतरतंय. आणि मग मागून स्पष्ट ऐकू आलं, टण टण.

ज्यांनी एसटीचा प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. कंडक्टरनं दोरी ओढून एक टोला दिला की थांबायचं, दोन दिले की निघायचं. डबल बेल झाली की ड्रायव्हर मागं बघत नाही. मागचं सगळं कंडक्टरनं बघितलेलं असतं. चौतीस वर्षांत माझा पाय डोक्याला विचारून हलला नाही, बेलला विचारून हलला. तसाच तो त्या दुपारी हलला. किल्ली फिरली, गिअर पडला, गाडी रस्त्याला लागली, आणि पाचशे मीटरवर मला पुरती जाग आली तेव्हा मी स्वतःशीच हसलो. म्हटलं, काय हे, आपण स्वप्नातच निघालो. बरं झालं, सिंधू झोपली आहे, नाहीतर तिनं विचारलं असतं.

पडदा बंद होता. मी गाडी अगदी हळू घेतली, तिची झोपमोड होऊ नये म्हणून.

तो रस्ता मला अजून दिसतो. दोन्ही बाजूंना गच्च झाडी, त्यातून खाली आलेलं हिरवट ऊन. पुढून गाडी नाही, मागून नाही. इंजिनचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटत होता. आपण चालवत नाही, रस्ताच आपल्याला घेऊन चालला आहे, असं होतं कधीकधी. आणि नजर समोर ठेवून, तोंडासमोर कुणी नसताना, बोलणं सोपं असतं. मी बोलायला लागलो.

"जागी हायस का?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. "असू दे. झोपेत ऐक. अगं, त्या मुक्कामाच्या गाड्या. तुला मी सांगायचो ना, की डेपोवाले माझ्याच मागं लागलेत, मलाच मुक्कामाला धाडतात. तसं नव्हतं ते."

मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी जायची, रात्री तिथंच राहायची आणि पहाटे पहिल्या फेरीला परतायची. घरदार असलेला ड्रायव्हर ही ड्युटी टाळतो. मला ती आठवड्यातून चार-चार वेळा असायची.

"मी मागून घ्यायचो ती ड्युटी," मी पडद्याला सांगितलं. "लेखी अर्ज देऊन. घरी आई अंथरुणाला खिळलेली, पोरगी रडणारी, तुझी दिवसभराची पायपीट. मी दारात आलो की तिघींची तोंडं माझ्याकडं वळायची. मला ते झेपायचं न्हाई गं. आणि तिकडं शेवटच्या गावाला गाडी बंद केली की माणसं आपापल्या वाटेनं निघून जायची, आणि मग मला कुणी हाक मारायचं न्हाई. सकाळपर्यंत कुणीच न्हाई. मला ते आवडायचं. तू इकडं आईचं हागणं-मुतणं काढत होतीस आणि मी तिकडं बोनेटवर पाय सोडून बसायचो."

आंबोली आली, गेली. घाट सुरू झाला. मी बोलतच होतो. आई गेली त्या दिवशीही मी मुक्कामाला होतो, ती ड्युटी तर मी दुसऱ्याची बदलून घेतली होती, हेही सांगितलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटायला लागला होता. डोळ्यांतून पाणी आलं ते मी बाहीनं पुसलं आणि वळण घेतलं. वळणावर मागं भांडी खणखणायची, पण तिची हूं नाही की चूं नाही. ती शांतता मला मायाळू वाटली. वाटलं, ऐकतीय. वाटलं, रागावली असती तर उठून आली असती. छातीवरचा धोंडा उतरला आणि मी घाट उतरलो.

दाणोलीला टपरीशी गाडी थांबवली. "चहा घेतीस?" असं विचारत मी पडदा सारला.

पलंगावर गोधडी होती, उशी होती. सिंधू नव्हती. तिचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. ओट्यावरच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं, कडी मीच सकाळी अर्धवट दाबलेली. आत कढई आणि शेजारी आकड्याला टांगलेला झारा. मी पायरीवर पाय टाकला तशी गाडी कलली आणि झारा कढईवर आपटला. टण टण.

तेव्हा मला कळलं. विहिरीपाशीही मी गाडी कलतीच लावली होती. सिंधू बाजूच्या दारानं खाली उतरली, तिच्या उतरण्यानं गाडी हलली आणि बेल झाली. ती उतरली, हीच माझी निघायची खूण झाली.

मी घाट परत कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. एवढंच डोक्यात होतं, की ती गेली. सावंतवाडीला जाणाऱ्या कितीतरी गाड्या त्या रस्त्यानं जातात. तिनं हात केला असेल, चढली असेल, दादाकडं पोचलीही असेल. तिला जायचंच होतं, मी तिला कारणही दिलं. आणि दुसरी एक गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटत होतं, की भेटली तरी आता परत सगळं बोलायची गरज नाही. एकदा बोलून तर झालं.

ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. मांडीवर दोन धुतलेली ताटं, वाळून गेलेली. मी गाडी थांबवली, उतरलो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बेसिनचं पाणी तुंबलं होतं," सिंधू म्हणाली. "टाकी रिकामी केली न्हाई तुमी. म्हणून ताटं घेऊन उतरले."

"हाक मारायचीस की!"

"मारली. तुमाला माझी हाक कधी ऐकू आलीया?"

ती पुढं म्हणाली, "एक मोटारसायकलवाला थांबला. त्याचा फोन घेतला. पर तुमचा नंबर पाठ न्हाई. डेपोचा पाठ हाय. तोच लावून बघितला. बंद झालाय."

"आणि सावंतवाडीची गाडी आली न्हाई का?"

"दोन गेल्या. एकीचा कंडक्टर विचारत होता, बाई, येताय का म्हणून."

"मग?"

"मग काय? ताटं तुमच्या मॅडमची. कुठं घेऊन फिरू?" तिनं ताटं पुसल्यासारखी केली. मग मला निरखून बघत म्हणाली, "कुठवर गेला होता?"

"दाणोली."

"अख्खा घाट उतरून? मी आत न्हाई हे एवढा वेळ कळलं न्हाई?"

"मला वाटलं तू ऐकतीयास."

"काय ऐकतीया?"

"मी बोलत होतो. तुझ्याशी."

सिंधू हसायला लागली. खूप दिवसांनी हसली. मग हळूहळू तिचं हसू ओसरलं आणि ती म्हणाली, "काय बोलत होता?"

जांभळाचं एक पान विहिरीत पडलं. तिचे डोळे समोर होते. पडद्याशी बोलणं वेगळं आणि या डोळ्यांशी बोलणं वेगळं. घाटात एवढं भरभरून बोललो होतो त्यातलं एक वाक्य कसंबसं बाहेर आलं.

"मुक्कामाच्या ड्युट्या मी मागून घ्यायचो."

"ठाऊक हाय मला," सिंधू म्हणाली.

मी तिच्या शेजारी कठड्यावर बसलो.

"उज्ज्वलाला गोवर आलता तेव्हा," ती सांगायला लागली. आवाज अगदी साधा होता. "तीन वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन मी डेपोत गेले. साहेबांना म्हटलं, यांना महिनाभर तरी दिवसाची ड्युटी द्या, हात जोडते. साहेब भला माणूस. त्यांनी तुमचा अर्ज काढून दाखवला. म्हणाले, बाई, तुमच्या मालकांनीच मागितलंय हे."

"आणि तू कधी बोलली न्हाईस?"

"मी का बोलू? सांगायचं तुमचं होतं." तिनं मांडीवरची ताटं एकावर एक ठेवली. "पयल्यांदा वाटलं, त्या गावात कोण बाई असंल. चौकशी केली. न्हाई म्हणून कळलं. असती तर बरं झालं असतं. भांडले असते तिच्याशी. नसलेल्या बाईशी काय भांडणार? तुमी रिटायर झाला, म्हटलं आता सांगतील. आठ महिने वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे, जावं दादाकडं."

"सिंधू, मी..."

"झालं. ऐकलं मी." ती उठली. "चला आता."

निघताना मी गाडीभोवती फेरी मारली, आत फेरी मारली, कड्या दाबल्या. ती मागं गेली नाही. माझ्या शेजारच्या सीटवर बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. घाटात ढग रस्त्यावर आले होते, आम्ही त्यातून गेलो. तिनं काय ठरवलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सावंतवाडी मागं पडली आणि ऊन तांबूस व्हायला लागलं.

वेंगुर्ल्याच्या अलीकडं फाटा आहे. डावीकडं गेलं की दादाचं घर, सरळ गेलं की समुद्र. मी फाट्यावर गाडी उभी केली.

"का थांबला?"

"डावीकडं दादाचं घर."

"मला ठाऊक न्हाई व्हय?"

"कुठं जायचं?"

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "मला इचारताय?"

"इचारतोय."

मागून एक रिक्षावाला हॉर्न देऊन वैतागून पुढं गेला. सिंधूनं पदर सावरला, परत सोडला.

"ते तुमचं मुक्कामाचं काय असायचं, ते बघायचंय मला," ती म्हणाली. "सरळ घ्या. दादाकडं उद्या जाऊ."

गावाबाहेर माडांच्या पलीकडं एक मोकळी कातळाची जागा सापडली. सपाट होती. मी इंजिन बंद केलं आणि आम्ही बाजूचं दार उघडून पायरीवर बसलो. इंजिन निवताना बारीक बारीक वाजत होतं. खाली समुद्र होता, पण त्याचा आवाज लांबचा होता. एक माणूस दोन म्हशी घेऊन गेला, त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही. मग कुणीच आलं नाही. उजेड हळूहळू मऊ होत गेला, कातळ, माड, आमचे पाय, सगळ्याचा रंग एक झाला. कुणी हाक मारत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सिंधू म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"मग मला न्यायचं एखाद्या बारीला," ती म्हणाली. ती रागानं म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती तसं म्हणाली नाही. "मलाबी कधी कुणी असं बसू दिलं न्हाई."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिनं बघितलं आणि परत समोर बघायला लागली. थोड्या वेळानं ती सवयीनं उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून, म्हणाली, "चहा टाकते."

"तू बस," मी म्हणालो.

आत जाऊन मी गॅस पेटवला. पातेलं सापडलं, पत्ती सापडली, दूध होतं. साखर सापडेना. तीन कपाटं उघडली, तीन लावली. "अगं, साखर कुठं..." हे शब्द ओठांवर आले होते. दारातून तिची पाठ दिसत होती. तिनं चपला काढून पाय खाली सोडले होते आणि मान एका बाजूला जरा टेकली होती. मी तोंड मिटलं.

बिनसाखरेचा चहा मी तिच्या हातात दिला. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि दुसरा घेतला. सबंध कप संपवला. मग कप पायरीवर ठेवत तिनं विचारलं, "परवा विट्याला पोचायला आपल्याला किती वाजतील?"